विहीर आणि डबा

काल रात्रीपासून मन थाऱ्यावर नाही. जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांचा ‘आफ्टर लाइफ’ हा १९९८ सालचा चित्रपट आम्ही दोघांनी पाहिला. नुकतीच वारलेली माणसे सोमवारी एका जुनाट, कचेरीवजा इमारतीत येतात आणि बुधवारपर्यंत आयुष्यातली एकच आठवण निवडून देतात. तिथले कर्मचारी त्या आठवणीचा छोटासा चित्रपट तयार करतात, शनिवारी तो दाखवतात आणि माणूस तेवढी आठवण घेऊन, बाकीचे सारे विसरून पुढे जातो. चित्रगुप्ताची वही नाही, पापपुण्याचा हिशेब नाही. विमान चालवलेल्या गृहस्थांच्या आठवणीतले ढगसुद्धा कापसाचे.

चित्रपट संपल्यावर मी ह्यांना सहज विचारले, तुम्ही कोणती निवडाल? क्षणभरही न थांबता हे म्हणाले, “दादाने पाठीला रिकामा डबा बांधून मला आजोळच्या विहिरीत ढकलले होते, ती.” एवढे बोलून दिवा मालवला आणि घोरू लागले.

त्या विहिरीत मी नाही. असणार तरी कशी, हे मलाही समजते. तरीही उशीरापर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. इतक्या वर्षांचा संसार, ह्यांच्या आजारपणातल्या त्या रात्री, घराचे हप्ते... असो. त्यांतले काहीच वर आले नाही, वर आला तो डबा.

चित्रपटातल्या वातानाबे आजोबांना काही केल्या आठवण सापडत नाही, तेव्हा त्यांच्या ७१ वर्षांच्या आयुष्याच्या ७१ कॅसेट त्यांना आणून देतात. त्या बघून शेवटी ते बायकोसोबत बागेतल्या बाकावर बसल्याचा एक साधा प्रसंग निवडतात. आधीच वारलेल्या बायकोने, क्योकोने, मात्र निवडलेला असतो युद्धात गेलेला तिचा वाग्दत्त वर मोचिझुकी, जो आता त्याच कचेरीत वातानाबेंचेच प्रकरण हाताळतो आहे. वातानाबेंनी हे ओळखलेले असते आणि तरीही ते बाकच निवडतात. मला ते जमणार नाही. क्योकोचा तर मला मनापासून राग आला, आणि लहानपणी लाल झगा घालून नाचल्याचे सांगणाऱ्या आजींचाही थोडा आला, कारण त्यांच्याही आठवणीत भाऊच.

आपण कुणाच्या तरी सुखाचा भाग होतो, हे मोचिझुकीला मेल्यावर इतक्या वर्षांनी कळते. भाऊजींना कधी कळणार, म्हणून सकाळी फोन केला. ते खो खो हसले. म्हणाले, “वहिनी, डबा सुटला होता! मी उडी मारून त्याला बाहेर काढले आणि वर आईचा मार खाल्ला.”

दुपारभर माझी आठवण शोधली. हे पुष्कळ ठिकाणी आहेत, पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी कुरबूर चालली आहे. कर्जतला गाडी चुकली तो दिवस तर नकोच. चित्रपटात ज्यांना निवडता येत नाही किंवा निवडायचे नसते, त्यांना तिथेच कामाला ठेवून घेतात. मला ते सोयीचे वाटले. फायली लावता येतात, चहा करता येतो. पुढेमागे हे आले, तर ह्यांचे प्रकरण मीच मागून घेईन आणि विहीर अशी उभी करीन की ह्यांना खोट काढता येणार नाही. पायऱ्या किती, पाण्यावर शेवाळ होते का, हे भाऊजींकडून लिहून घेतले आहे. घोडे अडले आहे ते डब्यापाशी: भाऊजी म्हणतात डालड्याचा होता, हे म्हणतात गोडेतेलाचा, आणि दोघेही ऐकायला तयार नाहीत.