एका ओढ्यावरची मोरी आणि एक ना हरकत दाखला: माझा अनुभव

"प्रस्ताव पूररेषेच्या दाखल्यासह पुनश्च सादर करावा." वाहून गेलेली मोरी (ओढ्याचं पाणी रस्त्याखालून नेणारं बांधकाम) नव्याने बांधायला मागितलेल्या ना हरकतीवर आलेल्या या एका ओळीने आमचे सात आठवडे खाल्ले. दाखला मागणारं आणि दाखला देणारं कार्यालय एकच. मागणारं टेबल खिडकीपाशी, देणारं कपाटापाशी, मध्ये आठ-दहा पावलं. ती पावलं कागदाने टपालाने पार केली: इथल्या बारनिशीतून (आवक-जावक टेबलावरून) जावक, वरच्या कार्यालयात आवक, तिथून पृष्ठांकन होऊन परत इथेच आवक. कार्यालयाचं नाव लिहीत नाही.

काम तसं लहान. मुळशी तालुक्यातल्या एका वाडीला जाणारा ग्रामीण मार्ग, त्यावर ओढ्याला ९०० मिमीच्या दोन ह्यूम पाईपांची जुनी मोरी. २५ जुलै २०२४ ला, ज्या पावसात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली, त्याच दिवशी ती वाहून गेली. पाईप फुटले नव्हते. ओंडके आणि प्लॅस्टिकने तोंडं बुजली, पाणी रस्त्यावरून उलटलं, खालच्या अंगाला धबधब्यासारखं पडलं आणि भराव मागून पोखरत आणला. मग हेडवॉल (पाईपांच्या तोंडाशी असलेली भिंत) आडवी झाली आणि पाईप लोंबत राहिले. बहुतेक मोऱ्या अशाच जातात, खालच्या अंगाने. पंचनाम्यात हे कारण नीट लिहून घ्या. नुसतं "मोरी नादुरुस्त" असं लिहिलं, तर आपत्तीचं नुकसान की देखभालीतली हयगय, हा प्रश्न वर कुणीतरी काढतोच.

पर्यावरण मंजुरी लागते का, हे प्रत्येक जण विचारतो. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अधिसूचना रस्त्यांपैकी महामार्गांबद्दल बोलते. वाडीच्या रस्त्यावरच्या मोरीचा तिच्याशी संबंध नाही. लागतात ते वेगळे कागद: ओढ्यात बांधकाम करायला पाण्याच्या खात्याची ना हरकत, जागा वनाची नाही असं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं पत्र, आणि झाड आडवं येत असेल तर त्याची वेगळी परवानगी. भरावाचा मुरूम बाहेरून आणणार असाल तर स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून महाखनिज या सरकारी संकेतस्थळावरचा वाहतूक पास. वनाचं पत्र बारा दिवसांत मिळालं, गट नकाशा आणि सातबारा जोडला होता म्हणून. सातबाऱ्याच्या इतर हक्कात वनाचा शेरा आहे का, ते आधी बघा. जागा वनाची निघाली, तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली रस्त्यासाठी १ हेक्टरपर्यंतची वाट आहे, पण ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार असतील तर ती वाट बंद.

आता अडलेली जागा.

पहिली चूक आमचीच. "जुन्याच्या जागी नवी, फक्त पाईप थोडे मोठे" असा प्रस्ताव केला की पटकन सही मिळेल, असा हिशेब होता. १२०० मिमीचे दोन पाईप दाखवले. त्याला पुरेल असा विसर्ग सल्लागाराने काढून दिला: सेकंदाला ४.७ घनमीटर. उत्तर आधी ठरवून केलेलं गणित होतं ते. पाणलोट ६० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त खडकाळ पठार आणि उतार, आणि वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक धरला ०.४. हा आकडा आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) तक्त्यात हलक्या पिकाखालच्या पोयटा जमिनीचा आहे. कार्यालयाने तो पकडला, आणि तो पकडणं बरोबर होतं. माझा राग त्यावर नाही.

राग आहे तो क्रमावर. पहिल्या त्रुटी पत्रात फक्त पूररेषा. ती निस्तरली तेव्हा दुसरं पत्र, विसर्गाचं. ते निस्तरलं तेव्हा तिसरं: गाव नकाशात "नाला" आहे, अर्जात "ओढा" का? तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी फाईलमध्ये दिसत होत्या. त्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. तिचा ना हरकतीशी काही संबंध नसला, तरी साहेब निवडणूक ड्यूटीवर.

पूररेषेचं असं आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. मुळा, मुठा, पवना अशा नद्यांवर त्या आखलेल्या आहेत. अर्ध्या चौरस किलोमीटरच्या पाणलोटाच्या ओढ्यावर कोण आखणार? म्हणून दाखला मागायचाच नाही. "सदर ओढ्याची पूररेषा आखलेली नाही" असं पत्र मागायचं, तेही मूळ अर्जाच्या आधी, स्वतंत्र अर्जाने. आम्हाला हे पाचव्या आठवड्यात एका कनिष्ठ लिपिकाने चहा पिताना सांगितलं. सोबत अर्जात लिहून टाका की पूररेषा नसल्यामुळे पुराच्या खुणांवरून महत्तम पातळी काढली आहे आणि मोरी त्या पातळीला तपासली आहे. एवढ्या वाक्याने पहिलं त्रुटी पत्र आलंच नसतं.

विसर्गावर खरी खडाजंगी झाली. कार्यालयाचा हट्ट इंग्लिस सूत्राचा: १२४ गुणिले पाणलोट, भागिले पाणलोट अधिक १०.४ याचं वर्गमूळ. ०.६ चौरस किलोमीटरला उत्तर येतं २२.४ घनमीटर. हे सूत्र पश्चिम घाटातल्या पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांवरून बसवलेलं आहे. पाणलोट अगदी लहान असला की वर्गमूळातला १०.४ सगळं व्यापतो आणि सूत्र म्हणतं, दर चौरस किलोमीटरला सुमारे ३७ घनमीटर. म्हणजे ताशी साडेतेरा सेंटिमीटर पाणी, एक थेंब न मुरता. कार्यालयाला हे तोंडी सांगून काही होत नाही. कागदावर विसर्ग काढायच्या चारही पद्धती शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. दुसऱ्या फेरीत आम्ही मांडलेलं असं होतं:

रॅशनल पद्धत, २४ तासांचा पाऊस १५ सेंमी, ओढ्याची लांबी १.४ किमी, उंचीतला फरक ७० मीटर, त्यावरून पाणी मोरीपर्यंत पोचायला १६ मिनिटं, पावसाची तीव्रता ताशी १२.३ सेंमी, गुणांक ०.६: विसर्ग १२.४. डिकेन्सचं सूत्र, वर्षाचा पाऊस १२० सेंमीच्या वर असतो तिथला १९ हा गुणांक धरून: १३. पुराच्या खुणांवरून मॅनिंगचं सूत्र, पात्र ६ मीटर रुंद, पाणी १.१ मीटर, उतार १२० ला १, खडबडीतपणा ०.०४: पुन्हा १३. आणि इंग्लिस २२.४.

किल्ली आयआरसी एसपी १३ या लहान पूल आणि मोऱ्यांच्या मार्गदर्शिकेतच आहे, पण ती कुणी आपणहून दाखवत नाही. सगळ्यांत मोठा आकडा घ्यायचा; मात्र तो त्याच्या खालच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर दीडपटीवर थांबायचं. १३ ची दीडपट १९.५. इंग्लिसचा मानही राहतो आणि मोरीचा पूलही होत नाही. हे पान जोडल्यावर विसर्गाचा मुद्दा एका स्थळपाहणीत मिटला. त्या पानाच्या तीन प्रती ठेवा, फाईल वर गेली की पान हमखास मागे राहतं.

स्थळपाहणीच्या दिवशी पुराच्या खुणा दाखवता आल्या पाहिजेत. झाडाच्या बुंध्यावरचा गाळ, काटेरी कुंपणात अडकलेला पालापाचोळा, घराच्या जोत्यावरची ओल. खुणा दिवाळीपर्यंत टिकत नाहीत, म्हणून पूर ओसरल्याच्या आठवड्यातच लेव्हल यंत्राने त्यांच्या पातळ्या घ्या आणि मोजपट्टी धरून फोटो काढा. मोरीच्या वर ५० मीटर आणि खाली ५० मीटर, पात्राचे निदान तीन आडवे छेद. आमच्याकडे हे फोटो होते. पहिल्याच अर्जाला जोडले नाहीत एवढाच शहाणपणा कमी पडला.

१९.५ घनमीटरला पाईप चालत नाहीत हे उघड झालं. जुन्या दोन पाईपांचं तोंड मिळून १.२७ चौरस मीटर. नुसते १३ घनमीटर त्यातून काढायचे तर पाण्याला सेकंदाला दहा मीटर पळावं लागलं असतं. मग अडीच बाय अडीच मीटरच्या दोन कप्प्यांची बॉक्स मोरी. पाणी १.९ मीटर उंचीने धरलं की वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास येतो आणि वर ६०० मिमी मोकळी राहते. ३ ते ३० घनमीटरच्या विसर्गाला तेवढी लागतेच. आतून एकूण लांबी ५.३ मीटर. सहा मीटरच्या वर गेलात तर तो "लहान पूल" होतो आणि तपासणी वेगळ्या टेबलावर जाते. संकल्पनाकाराला हे आधीच सांगा.

ओढा की नाला, या तिसऱ्या पत्राला उत्तर एका ओळीचं होतं: गाव नकाशातला नाला आणि अर्जातला ओढा एकच, गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांश सोबत. तरी अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत मी माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून फाईलचा प्रवास मागितला. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. फाईल मात्र नवव्या दिवशी हलली. याला योगायोगही म्हणता येईल. पुण्यात हरित लवादाचं खंडपीठ बसतं, त्यामुळे ओढ्यावर सही करणारा माणूस बिचकतो, हेही खरं. पण बिचकणं वेगळं आणि बसून राहणं वेगळं.

ना हरकत जानेवारीच्या शेवटी हातात आली. अर्ज ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला.

तिच्यातल्या अटी मात्र कामाच्या होत्या. तळफरशीचा वरचा भाग ओढ्याच्या सर्वांत खोल तळापेक्षा ३०० मिमी खाली. त्यामुळे वर गाळ बसून तळ नैसर्गिक राहतो आणि उन्हाळ्यातली बारीक धार फरशीच्या काठावर अडत नाही, मासेही वर जातात. पडदी भिंत (फरशीच्या काठाला जमिनीत उतरवलेली) वरच्या अंगाला २ मीटर, खालच्या अंगाला २.५ मीटर खोल. त्यापुढे सुट्या दगडांची एक मीटर जाड पाखर, वर ३ मीटर आणि खाली ६, एकेक दगड ४० किलोच्या वरचा. ठेकेदार इथेच हात मारतो, खालची पाखर चार मीटरवर थांबवतो. टेपने मोजा. जुनी मोरी इथूनच गेली होती.

पात्रात काम करताना आधी एका कप्प्याची बाजू पोत्यांच्या बांधाने कोरडी करायची, पाणी दुसऱ्या बाजूने जाऊ द्यायचं. पोत्यांत बाहेरची माती नको, खणलेलीच भरा. पंपाने उपसलेलं गढूळ पाणी थेट ओढ्यात न सोडता आधी खड्ड्यात निवळू द्या. मिक्सर धुतलेलं पाणी तर मुळीच नाही, सिमेंटच्या क्षाराने खालच्या डोहातले मासे मरतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रार. जुन्या पाईपांचा राडारोडा काठावर ठेवू नका. आम्ही सगळा उचलून वजनाच्या पावत्या जपल्या, कारण पूर्तता अहवालात त्या मागतात.

तात्पुरत्या वळण रस्त्यालाही ओढ्यात पाईप टाकावे लागतात आणि त्यांनाही परवानगी लागते. मूळ अर्जातच एक ओळ टाका, नकाशावर लाल तुटक रेषेने दाखवा आणि पावसाळ्याआधी काढण्याची हमी लिहा. नाहीतर पुन्हा बारनिशी.

काठावर उंबर होता. विंग वॉल (मोरीच्या कडेची तिरकी भिंत) ४५ ऐवजी ३० अंशांत फिरवली, उंबर वाचला, झाडाची परवानगी वाचली. नकाशा सादर करण्याआधी हे सुचलं म्हणून. नंतर सुचलं असतं तर सुधारित नकाशा, सुधारित मान्यता.

वरच्या स्लॅबचं काँक्रीट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या पुढे ढकलू नका. काँक्रीट पक्कं व्हायला २८ दिवस धरायचे, मग भराव, मग रस्ता. २०२५ मध्ये मॉन्सून २६ मेलाच पुण्यात पोचला. आमचा वळण रस्ता त्याच्या चार दिवस आधी काढून झाला होता. कठडा बाकी होता, तो पावसात छत्री धरून बसवला.