नाशिकच्या सहा अक्षरांतून इंग्रजी शब्द काढताना

गणेशोत्सवात मुलांसाठी एखादा डोक्याचा खेळ घ्या, असं म्हणून सोसायटीच्या कमिटीने तो माझ्याच गळ्यात मारला. लिंबू-चमचा आणि संगीतखुर्ची दरवर्षीचंच. मी ठरवलं, फळ्यावर इंग्रजीत नाशिक लिहायचं – एन, ए, एस, एच, आय, के – आणि या सहांतून चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द शोधायला लावायचे. एक अक्षर एकदाच, आणि विशेषनाम चालणार नाही.

कोडं घालायला काय लागतं! पण उत्तरांची यादी आपल्याकडे आधीच हवी, नाहीतर आमची इंदिरानगरची पोरं मांडवातच हुज्जत घालतात.

स्किन, सिंक, सँक, शिन हे चार अक्षरी शब्द चहा पितापिता सुचले. पाच अक्षरींना मात्र गाडी अडली. सहांतली पाच अक्षरं 720 प्रकारे मांडता येतात आणि चार अक्षरं 360 प्रकारे. एवढं कोण मांडत बसणार? मग क्रमाचा नाद सोडला. पाच अक्षरी शब्द करायचा म्हणजे सहांतलं एकच अक्षर वगळायचं. म्हणजे गठ्ठे फक्त सहा. प्रत्येक गठ्ठा कागदाच्या वेगळ्या चौकोनात लिहिला आणि एकेकाकडे बघत बसले.

आय वगळला तो गठ्ठा सगळ्यात श्रीमंत निघाला. एस-एच-ए-एन-के, शँक, म्हणजे पायाची नळी. तीच अक्षरं फिरवली की हँक्स, म्हणजे सुताच्या लड्या. आणखी फिरवली की खान्स आणि अँख्स. अँख हे प्राचीन इजिप्तमधलं जीवनाचं चिन्ह. एकाच गठ्ठ्यात चार शब्द! ए वगळला तर क्निश, हा ज्यू लोकांचा सारण भरलेला खाद्यपदार्थ, आणि यातला के चक्क उच्चारतात. के वगळला आणि मीच उडाले: नाशी, जपानी पेअरचं नाव. आपल्या गावाचा शेवटचा के काढला की फळ मिळतं! एच वगळला तर किनाज, किना हे पापुआ न्यू गिनीचं चलन. एन वगळला तर हाइक्स, हाइक म्हणजे उत्तर आफ्रिकेत अंगभर गुंडाळतात ते वस्त्र. एस वगळलेल्या गठ्ठ्यात मला काही मिळालं नाही. यातले अर्धे शब्द जाड डिक्शनरी मांडीवर घेऊन पडताळले, कारण दहावीतल्या मुलासमोर 'मला वाटतं' चालत नाही.

चार अक्षरींचे गठ्ठे पंधरा होतात. तिथे फारसं डोकं लागलं नाही.

पुतण्या म्हणाला, "काकू, कशाला एवढा खटाटोप? लिनक्समध्ये ग्रेपला सांगतो, दोन सेकंदांचं काम." लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली, आणि ग्रेप हा तिच्यातला, दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधून देणारा प्रोग्राम. पुतण्याने शब्दांच्या फाईलमधून फक्त ही सहा अक्षरं असलेले पाच अक्षरी शब्द मागवले. यादी आली, पण तिच्यात खाकी होता, किंक्स होता. दोन्हींत के दोनदा आहे. शब्दात कोणती अक्षरं आहेत एवढंच तो नमुना बघत होता, प्रत्येक किती वेळा आलंय हे नाही. मग त्याने प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावून बघायचा छोटा प्रोग्राम लिहिला: शँक, हँक्स, खान्स, अँख्स चारही ए-एच-के-एन-एस होतात. म्हणजे माझेच गठ्ठे, फक्त संगणकाच्या पोटात. मी काही बोलले नाही, चहा दिला.

बरोबरी झाली तर काय, म्हणून स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळातले अक्षरांचे गुण लावले. अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ते ठरवले होते. के ला 5, एच ला 4, बाकी आपल्या चारांना एकेक. म्हणजे शँक आणि क्निश 12 गुणांचे, नाशी फक्त 8 चं.

स्पर्धेत मुलांनी निशा, ईशान, काशी असा नावांचा सपाटाच लावला. मी फुल्या मारत गेले. सिखवर जरा वाद झाला, पण इंग्रजीत तो मोठ्या अक्षरानेच सुरू होतो, म्हणून बाद. मग तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा ओरडला, "काकू, किशन! सहाच्या सहा!" खरंच की, सगळी अक्षरं एकेकदा. माझ्या यादीत सहा अक्षरी एकही शब्द नव्हता. मांडवात टाळ्या. त्याचे बाबा उठून म्हणाले, "अहो ताई, देवाचं नाव आहे, द्या की गुण!" मी नियम दाखवला. गुण शून्य, प्रसादाचे मोदक दोन. मुलगा खूश होता, बाबा मात्र आरतीपर्यंत धुसफुसत होते.

पुढच्या वर्षी गोदावरी घेणार आहे. त्यात ए दोनदा येतो, म्हणून गठ्ठे करताना जपावं लागेल. पण एस नाही, म्हणजे नुसता शेवटी एस चिकटवून अनेकवचनं पळवायची सोय बंद. रेडिओ, अव्हॉइड आणि व्हिगर आत्ताच दिसताहेत.