कुठल्याही हंसाला जमतं

1781 साली लंडनमध्ये छापलेलं एक चित्र माझ्या मोबाइलमध्ये कधीपासून पडून आहे. ऑग्यूस्त व्हेस्त्रिस, वय 21, पॅरिसचा बॅले नर्तक. रंगमंचावरच्या पोशाखात एका पायावर उभा, दुसरा हवेत. खाली मजकूर कोरलाय. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टात आलेला एक परका माणूस बराच वेळ एका पायावर उभा राहिला आणि तिथल्या एकाला म्हणाला, "तुला नाही जमायचं हे." तो म्हणाला, "खरंय. पण कुठल्याही हंसाला जमतं." पुढे प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाचा हवाला, तोही पृष्ठांकासकट! टोमणा मारायचा तर असा, पुराव्यानिशी.

हा टोमणा मराठीत आणताना माझी पंचाईत होते. इंग्रजीत 'गूज' म्हणजे पक्षी आणि बावळटही. आपला हंस मात्र सरस्वतीचं वाहन, दूध-पाणी वेगळं करणारा. नर्तकाला हंस म्हटलं तर तो खुशीत मुजरा करेल. बदक म्हणावं, तर नुसती फेंगडी चाल आठवते. बगळा? एका पायाचा हिशेब जुळतो, पण बगळ्याचं ध्यान म्हणजे माशावर डोळा. या पोराच्या उड्यांत ढोंग नव्हतं. त्याचा बाप गाएतानोही नामांकित नर्तक. युरोपात थोर माणसं तीनच, प्रशियाचा राजा, व्होल्तेर आणि मी, असं तो म्हणायचा म्हणे. बापलेक लंडनला आले तेव्हा व्हेस्त्रिसचा नाच बघायला पार्लमेंटचं कामकाज थांबवलं, असंही सांगतात. एवढं झाल्यावर कुणीतरी हंस काढणारच.

मूळ चित्र नॅथॅनियल डान्स याचं. आडनाव खरंच डान्स! कॅप्टन कुक आणि आपल्या इतिहासातला तो रॉबर्ट क्लाइव्ह, दोघांची चित्रं यानंच काढलेली. व्हेस्त्रिसचं हे चित्र छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर उतरवणाऱ्यांत बार्तोलोझ्झी होता, मूळचा फ्लॉरेन्सचा. गाएतानोही तिथलाच. म्हणजे पोराची टर उडवण्यात बापाचा गाववालाच सामील! त्यात पत्र्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे कागदावर सुलटी उमटतात. एवढ्याशा कुचकट ओळीसाठी कुणीतरी मान मोडून एकेक अक्षर उलटं कोरत बसलं असेल.

शाळेत गुरुजी आम्हाला कोंबडा करायचे. एका पायावर मात्र कधी उभं केलं नाही, त्यामुळे सवय नाही. काल दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात म्हटलं बघू या. ओट्याला हात न लावता उभा राहिलो. सात... आठ... अकराला पोटरी थरथरायला लागली. हात पसरले, दुसरा पाय जरा डौलात मागे नेला.

बायको दारात कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"काय हे ध्यान!" ती म्हणाली, आणि गॅस बंद केला.