ऐकलं, वाचलं आणि टिपून ठेवलं

लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं मोझिलाचं अ‍ॅप, पॉकेट, ८ जुलै २०२५ ला बंद झालं. साठवलेलं सगळं एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय होती, ती मी घेतली. आत शीर्षक, लिंक, टॅग आणि तारखेच्या जागी एक दहा आकडी संख्या: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ती. एका सूत्राने तिची तारीख झाली. पण अमुक लेख मी ठेवला कशासाठी, ते कुठेच नव्हतं. निम्मी शीर्षकं तर काही केल्या ओळखू येईनात.

आता स्वतःच्या वेबसाइटवरच नोंदी ठेवायच्या, हे ठरलं. पण नोंदीत काय काय लिहायचं? दांडिया बाजारात आमच्या वर राहणारे काका ग्रंथालयातून निवृत्त झालेत. बडोद्यात ग्रंथालयाचा विषय काढला की गाडी १९१० वर जाणारच. सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनना कसं आणलं, मग सेंट्रल लायब्ररी, मग गावोगावची वाचनालयं... चहा संपता संपता काका मुद्द्यावर आले.

"तू हे परत शोधणार कशावरून? लेखकावरून, विषयावरून, की 'मागच्या पावसाळ्यात कधीतरी ऐकलं होतं' यावरून?"

"खरं सांगू काका? बहुतेक वेळा तिसरंच."

"मग तारीख घाल आणि तुझं एक वाक्य घाल. बाकीचं नंतर बघ."

उभारणीचं फार सांगण्यासारखं नाही. साध्या फाइलींपासून वेबसाइट तयार करणारं ह्यूगो घेतलं, प्रत्येक नोंद म्हणजे मार्कडाउनची, म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. उद्या ह्यूगो गेलं तरी फाइली नोटपॅडमध्येही उघडतील. दोन ठिकाणी मात्र डोकं खाजवावं लागलं. संध्याकाळी लिहिलेली नोंद साइटवर दिसेचना. तारखेसोबत टाइमझोन नसेल तर ह्यूगो ती वेळ ग्रिनिचची धरतं. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे त्याच्या लेखी नोंद भविष्यातली, आणि भविष्यातलं ते आपणहून छापत नाही. सेटिंगमध्ये कोलकात्याची वेळ घातल्यावर सुटलं. दुसरं, पानांचे पत्ते. देवनागरीतला पत्ता कॉपी केला की एकेका अक्षराची, मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ते शेपूट बघवत नाही. म्हणून पत्त्यात फक्त तारीख आणि क्रमांक. मराठी शीर्षक पानावर.

खरी कटकट पॉडकास्टची. लेखातलं वाक्य उचलता येतं, ऐकलेलं कसं उचलणार? मी आधी मिनिट-सेकंद लिहायचो. पण अनेक पॉडकास्टमध्ये जाहिराती आता डाउनलोडच्या वेळी घुसवतात, आणि त्या माणसागणिक, दिवसागणिक बदलतात. माझं बत्तिसावं मिनिट तुमच्याकडे चौतिसावं असू शकतं; महिन्याने माझ्याकडेही. त्यामुळे आता वेळेऐवजी त्या जागी काय बोलणं चाललं होतं ते लिहितो. सकाळी कमाटीबागेत फिरताना कान टवकारावा असं काही आलं की तिथेच थांबून फोनवर बोलून ठेवतो, रात्री नीट करतो. परवा डेटाबेसवरचा एक भाग ऐकला, त्याची नोंद अशी: 'इंडेक्स वाढवले की शोध जलद, पण प्रत्येक नवी ओळ घालताना ते सगळे सांभाळावे लागतात. आपल्या ऑर्डरच्या टेबलवर नको तितके आहेत, सोमवारी बघ.' भागाचा सारांश यात नाही, आणि तो नकोच. तो पॉडकास्टवाले स्वतःच देतात. स्टार देणंही मी बंद केलं. चार स्टार पाहून पुढे काहीएक आठवत नाही.

प्रत्येक लेखाची प्रत वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, जाते का तेही बघतो. अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या पाहणीत २०१३ मधली ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडली नव्हती, त्यामुळे नुसत्या लिंकवर माझा भरवसा नाही.

अ‍ॅपलने मार्च २०२४ मध्ये पॉडकास्टचा मजकूर आपोआप दाखवायला सुरुवात केली ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशसाठी. मराठीला ती सोय नव्हती, म्हणून मराठी भागांच्या नोंदी मी मुद्दाम लांब लिहू लागलो, बोलणाऱ्याचे शब्द होतील तितके जसेच्या तसे. भाग अर्ध्यात बंद केला असेल तर का केला, तेही.