टॅबलेटच्या स्पर्धेत आयुष्याचा हिशेब

सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या टेबलांवर अलीकडे टॅबलेट दिसू लागले आहेत. पीडीएफ वाचणे, व्याख्यानांचे व्हिडिओ पाहणे आणि पेनने उत्तरलेखनाचा सराव करणे ही कामे फोनच्या लहान पडद्यावर नीट होत नाहीत, आणि चांगला लॅपटॉप अनेक घरांना परवडत नाही. म्हणूनच या बाजारातील कंपन्या एकमेकींशी नेमक्या कशावरून झुंजतात, हे आपणही समजून घ्यायला हवे असे मला वाटते.

ॲपलने एप्रिल २०१० मध्ये पहिला आयपॅड ४९९ डॉलरला विक्रीस आणला आणि प्रतिस्पर्ध्यांची सर्वांत मोठी अडचण झाली ती या किमतीची. ही किंमत गाठणे इतरांना अवघड होते, कारण ॲपलने २००५ मध्येच फ्लॅश मेमरी, म्हणजे यंत्रात माहिती साठवणाऱ्या चिप, बनवणाऱ्या कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ देऊ केले होते. शिवाय आयफोनसाठी लिहिलेली हजारो ॲप्स आयपॅडवर पहिल्या दिवसापासून चालत होती. आयपॅडमधील चिपची आखणी ॲपलची असली तरी ती तयार करत होती सॅमसंग, म्हणजे पुढे याच बाजारात आणि न्यायालयातही ॲपलची मुख्य प्रतिस्पर्धी ठरलेली कंपनी.

२०११ हे वर्ष मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटते. मोटोरोलाचा झूम हा टॅबलेटसाठी खास केलेल्या अँड्रॉइड ३.० वर चालणारा पहिला टॅबलेट होता, पण तो सुमारे ८०० डॉलरला आला आणि मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली ॲप्स तेव्हा फारच थोडी होती. ब्लॅकबेरीचे नाव ईमेलमुळे झाले होते, तरी तिच्या प्लेबुक या टॅबलेटमध्ये सुरुवातीला स्वतंत्र ईमेल ॲपच नव्हते. एचपीचा टचपॅड जुलैमध्ये बाजारात आला आणि ऑगस्टमध्ये कंपनीने तो बंद केल्याचे जाहीर केले. मात्र उरलेला साठा ९९ डॉलरला काढताच त्याच यंत्रासाठी झुंबड उडाली. लोकांना टॅबलेट हवा होता. ॲप्सविना आयपॅडच्या किमतीत मात्र तो नको होता. हे ओळखले ॲमेझॉनने. तिने नोव्हेंबरमध्ये किंडल फायर १९९ डॉलरला विकला आणि नफ्याची अपेक्षा यंत्रापेक्षा त्यावर विकत घेतल्या जाणाऱ्या पुस्तकांवर व चित्रपटांवर ठेवली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे आकाश आला. सरकारला सुमारे २,२५० रुपयांना पडणाऱ्या या टॅबलेटचा हेतू अत्यंत योग्य होता, असे मी आजही मानतो. परंतु ३६६ मेगाहर्ट्झचा मंद प्रोसेसर आणि जोराने दाबावा लागणारा पडदा यांवर विद्यार्थ्याने तासन्‌तास अभ्यास करावा, ही अपेक्षाच चुकीची होती.

आज शाओमी, लेनोवो, वनप्लस, रिअलमी, सॅमसंग अशा कितीतरी कंपन्यांचे टॅबलेट आपल्याला मिळतात आणि पडदा, बॅटरी, आवाज यांबाबत मध्यम किमतीचे टॅबलेटही समाधानकारक असतात. खरा फरक आता सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत राहते यात आहे. २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ मधील आयपॅडओएस १५ ही आयपॅडची कार्यप्रणाली मिळाली, आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी टॅब एस१० मालिकेसाठी सात वर्षांच्या अपडेट्सचे आश्वासन दिले. ही स्पर्धा मला मनापासून हवीशी वाटते. फक्त ती महागड्या मालिकांपुरती राहू नये.

सोलापुरी चादर घेताना चार धुण्यांनंतर तिची वीण कशी राहील, हे आपण विचारतो. नवी पेठेत टॅबलेट घेतानाही रॅम आणि कॅमेऱ्याच्या आकड्यांआधी अपडेट्स कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, पडदा फुटला तर तो सोलापुरातच बदलून मिळेल की पुण्याला पाठवावा लागेल, आणि पेनची किंमत वेगळी आहे का, हे विचारले पाहिजे. परीक्षेची तयारी अनेकदा तीन-चार वर्षे चालते, आणि त्या अवधीत दुसरा टॅबलेट घेण्याची ऐपत बहुतेक घरांत नसते.