बिनसाखरेच्या अननसाचं सासव

आज अननसाचं सासव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं, गोव्या-कोकणाकडचं फळांचं आंबटगोड कालवण) केलं, तेही डब्यातल्या फोडींचं. पाकातला डबा मी घेत नाही. स्वतःच्याच रसात ठेवलेल्या बिनसाखरेच्या फोडी मिळतात, त्या आणल्या. पाकातल्या फोडी आधीच इतक्या गोड असतात की गूळ किती घालायचा हे आपल्या हातात राहतच नाही. इथे आंबटपणा चाखत चाखत गूळ घालता आला.

ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, चिमूटभर हळद आणि कोरडी भाजलेली मोहरी. मोहरी शेवटी टाकून जेमतेम फिरवायची, फार वाटली की कडवटपणा येतो (सासूबाईंचा नियम, आणि अगदी खरा). वाटायला पाण्याऐवजी डब्यातलाच रस घेतला. काय चव आली म्हणून सांगू!

उरलेल्या फोडी दह्यात गेल्या. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दह्यातली प्रथिनं तोडतं, म्हणून ते रायतं ठेवलं की कडू होतं. डबाबंद करताना फळ तापवतात, त्यात ब्रोमेलेन निकामी होतं. त्यामुळे सकाळचं रायतं रात्रीच्या जेवणालाही चाललं.

लेकाचं एकच म्हणणं, "आई, शिरा का नाही केलास?" पुढच्या रविवारी करते रे बाबा. पण साखर मी घालणार, तू नाही.