लेंडीखताच्या वाटणीतला वाडा

मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवून देणं हे माझं काम. येणाऱ्या कागदांत जमिनीचे जास्त असतात. वाटणीपत्रं, गहाणखतं, कबुलायती. भावकीतला वाद कोर्टात गेला की माळ्यावरच्या ट्रंका उघडतात आणि पणजोबांच्या सहीचे कागद वकिलांमार्फत माझ्या टेबलावर येतात.

मागच्या हिवाळ्यात माण तालुक्यातल्या एका गावचं वाटणीपत्र आलं. शके १७९९ चं, म्हणजे इसवी १८७७-७८ च्या सुमाराचं. दोन भावांनी घर, जमीन, विहीर, झाडं सगळं वाटून घेतलेलं. वाद होता गावठाणाच्या कडेला ओढ्यालगत असलेल्या एका मोकळ्या तुकड्याचा. कागदात त्याला ‘वाडा’ म्हटलं होतं, आणि तो दोघांत सामाईक ठेवला होता. आजच्या वारसांचं म्हणणं असं की इथे आमच्या पूर्वजांचा वाडा होता, तो पडला, आणि रिकाम्या जागेत धनगरांनी शिरकाव केला. धनगर कुटुंबांचं म्हणणं, आमची मेंढरं इथे खापरपणजोबांच्या काळापासून बसतात. त्यांच्याजवळ कागद नव्हता. ज्यांच्याजवळ होता त्यांच्या कागदात ‘वाडा’ लिहिलेलं होतं, आणि वाडा म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे दिंडीदरवाजा, चौक आणि सागवानी खांबच येतात.

कागदासोबत आधी कोणीतरी केलेलं लिप्यंतर जोडलेलं होतं. त्यात ‘वाडा’ बरोबर वाचला होता. त्याच्यापुढच्या ओळीत मात्र एका शब्दावर प्रश्नचिन्ह टाकून जागा सोडली होती. मूळ कागदावर तिथे ‘लेडी’ दिसतं, आणि त्याच्यानंतर ‘निमे निम’. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि लिहिणारा घाईत असला की अनुस्वार बिनदिक्कत गाळतो. अनुस्वार परत ठेवला की शब्द होतो ‘लेंडी’. लेंडीखत निम्मं निम्मं. ज्या वास्तूचं लेंडीखत मोजून वाटलं जातं, ती चौसोपी वास्तू कशी असेल?

मग बाकीचा कागद मी त्या नजरेने पुन्हा वाचला. गावातल्या राहत्या घराचं वर्णन त्यात किती बारकाईने केलं होतं! खण किती, सोपा कुठे, माजघर कोणाकडे, परसातला आड कोणी किती दिवस वापरायचा. त्या काळी घर मोजायचं ते खणांनी. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. या ‘वाड्या’ला मात्र एकही खण नाही. जोतं नाही, भिंत नाही, दार नाही. लांबी-रुंदी हातांत दिली आहे, चतुःसीमा दिल्या आहेत, आणि भोवतालची काटी कोणी घालायची ते लिहिलं आहे. काटी म्हणजे बाभळी-बोरीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण.

वकिलांना मी म्हटलं, मला जागा बघायची आहे. लिप्यंतरकाराला याची गरज नसते, पण शब्द ज्या मातीतला आहे ती बघितल्याशिवाय मला सही करवेना.

ऐन थंडीतला दिवस होता. तुकडा ओसाड होता, मध्ये दोन दगडी चुली, कडेला जुनी काटी. वस्तीवर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी होती. एका आजोबांना मी विचारलं, “बाबा, इथला वाडा कुठं होता?”

ते म्हणाले, “वाडा खाली गेलाय की. दिवाळी झाली तवाच उठला. आता मिरगाच्या आत येतोय माघारी.”

मी वहीत लिहायचं थांबलो. खाली म्हणजे घाट उतरून कोकणात. आजोबांच्या लेखी वाडा म्हणजे त्यांची लेकरं, सुना, घोड्यांवर लादलेला संसार, कुत्री आणि मेंढरं. या भागातले धनगर दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, लेंड्या-मुताने रान खतावतं आणि बदल्यात धान्य मिळतं. रात्री मेंढरांभोवती जाळं लावायचं, त्याला वाघर म्हणतात. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, चिखलात खूर सडतात, म्हणून पावसाळ्याआधी माणदेशच्या कोरड्या माळावर परत. एकत्र चालणाऱ्या कुटुंबांच्या या मेळ्यालाच वाडा म्हणतात. वाडा उठतो, वाडा बसतो, वाडा खाली जातो. पावसाळ्यात तो ज्या जागेवर बसायचा ती जागाही वाडाच, आणि तिथलं खत जमीनमालक भाऊ निम्मं निम्मं घ्यायचे. कागदातली ओळ आणि आजोबांचं बोलणं एकमेकांत चपखल बसत होतं.

घरी येऊन मी कोश काढले. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे या वाटणीपत्राच्या वीस वर्षं आधीची. त्यात ‘वाडा’खाली भव्य इमारत हा अर्थ आहेच, राजवाडा, सरकारवाडा. पण त्याखाली गावातला स्वतंत्र भाग, कुंपण घातलेली जागा आणि गुरंमेंढरं कोंडायची जागा हेही अर्थ दिलेले आहेत. मूळ शब्द संस्कृत ‘वाट’: आवार, कुंपण घातलेली जागा. त्यावरूनच वाटिका. प्राकृतात ट चा ड झाला. गुजरातीत ‘वाड’ म्हणजे आजही कुंपण. हिंदीत ‘बाड़ा’ म्हणजे जनावरं कोंडायची जागा, आणि बंगालीत ‘बाडी’ म्हणजे चक्क राहतं घर. आपल्याकडे कोकणात वाडी म्हटलं की माडा-पोफळीची बागही होते आणि दहा घरांची वस्तीही. गोव्यात गावाच्या भागाला वाडो म्हणतात. ग्रामपंचायतीचा कोंडवाडा तर सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातला वाडा कोणाच्या लक्षात येत नाही.

या सगळ्यांत समान आहे ती वेढलेली जागा. आत माणूस आहे, झाड आहे की मेंढरू, हे शब्द सांगत नाही, पुढचा-मागचा मजकूर सांगतो. जातीचं नाव जोडून गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांनाही हाच शब्द लागला, आणि तिथे हा वेढा माणसांवरच पडला. वस्त्यांची अशी जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो फार आधी व्हायला हवा होता असं मला वाटतं.

साक्षीसाठी मला बोलावलं गेलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, “शनिवारवाड्यात मेंढरं बसायची असं तुमचं म्हणणं आहे का?”

मी सांगितलं, नाही. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. आतल्या दिवाणखान्यांची राख १८२८ च्या आगीत झाली. आज तिथे जे उभं आहे ते तट, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे. आतलं घर गेलं तरी आपण त्याला वाडाच म्हणतो, कारण वेढा अजून आहे. पण त्या आधाराने मी हा कागद वाचलेला नाही. या कागदातल्या वाड्याचा अर्थ त्याच कागदातल्या काटीवरून आणि लेंडीवरून ठरतो, आणि ते दोन्ही शब्द न्यायालयासमोर आहेत. मी मूळ कागदावर बोट ठेवून दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. न्यायाधीशांनी ‘लेडी’ हा शब्द स्वतः भिंगातून पाहिला आणि अनुस्वार गाळल्याची आणखी उदाहरणं याच कागदात आहेत का, असं विचारलं. होती. ‘चिंच’ आणि ‘उंबर’ दोन्ही बिनअनुस्वाराचे. झाडांच्या वाटणीत ते शब्द वारंवार येतात, त्यामुळे शंका उरली नाही.

निकालापर्यंत गोष्ट गेली नाही. दोन्ही बाजूंनी तडजोड केली. मालकी घराण्याची राहिली आणि पावसाळ्यात मेंढरं बसवायचा हक्क धनगर कुटुंबांचा राहिला. तडजोडीच्या मसुद्यात आधी पुन्हा नुसतं ‘वाड्याची जागा’ असंच लिहिलं होतं. माझा त्यात काही अधिकार नव्हता, तरी मी वकिलांना फोन करून विनंती केली की पुढच्या पिढीने पुन्हा यावरून कोर्टात जाऊ नये असं वाटत असेल तर शब्द पूर्ण लिहा. त्यांनी ऐकलं. अंतिम मसुद्यात ‘मेंढवाडा’ आहे, आणि खाली चतुःसीमा मीटरमध्ये.